पंचवीस जातींचा वृक्षसंग्रह: सोसायटीच्या आवारात सुरुवात कशी कराल

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीत चक्कर मारली तर चाळीस-पन्नास झाडं सहज मोजून होतात. ती कुणी लावली, रोप कुठून आणलं, कोणत्या साली लावलं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणीची गाडी येते तेव्हा झाडांची आठवण होते आणि फांद्या ट्रकमधून गेल्या की पुन्हा विसर पडतो.

ह्याच झाडांपासून वृक्षसंग्रह उभा करता येतो. इंग्रजीतून आलेला शब्द आर्बोरेटम. अभ्यासासाठी जोपासलेली, नाव आणि नोंद असलेली झाडं, असा त्याचा साधा अर्थ. बाग आणि वृक्षसंग्रह यांच्यात फरक आहे तो एका वहीचा. त्या वहीत प्रत्येक झाडाचा क्रमांक असतो, नाव असतं, ते कुठून आलं ते असतं आणि त्याचं पुढे काय होत गेलं तेही असतं.

वहीने काय साधतं, याचं माझं आवडतं उदाहरण बोस्टनचं आहे. तिथला आर्नल्ड आर्बोरेटम हार्वर्ड विद्यापीठाने १८७२ साली सुरू केला. १८८२ मध्ये बोस्टन शहराशी करार झाला आणि जमीन १,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली. सिडकोचा ६० वर्षांचा भाडेपट्टा ठाऊक असलेल्या आपल्या लोकांनी हा आकडा दोनदा वाचावा. झाडांचं काम करायचं तर मुदत अशी लागते. तिथे शंभरेक वर्षं लोक फुलोऱ्यातल्या फांद्या कापून, दाबून, तारीख घालून ठेवत आले. त्या वाळक्या फांद्यांवरच्या तारखा काही संशोधकांनी त्याच जिवंत झाडांच्या नव्या बहराशी ताडून पाहिल्या आणि २००४ साली निष्कर्ष मांडला: १९०० ते १९२० या काळाच्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात तिथली झाडं सरासरी ८ दिवस आधी फुलत होती. फांदीला तारखेची चिठ्ठी बांधणाऱ्यांपैकी कुणीही तापमानवाढीचा अभ्यास म्हणून ते केलं नव्हतं. त्यांनी फक्त तारीख लिहायचा कंटाळा केला नाही.

आता 'पंचवीस' कुठून आले ते सांगतो. शिकागोजवळच्या मॉर्टन आर्बोरेटमचा 'आर्बनेट' हा उपक्रम जगभरच्या वृक्षसंग्रहांना मान्यता देतो. त्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीसाठी झाडा-झुडपांच्या किमान २५ जाती, नावाच्या पाट्या, लेखी आराखडा, जबाबदारी घेणारं एखादं मंडळ, लोकांना येऊन पाहण्याची सोय आणि वर्षातून एखादा कार्यक्रम एवढं लागतं. दुसऱ्या पायरीला १०० जाती आणि तिसरीला ५००. मान्यता घ्यायची की नाही ते नंतर ठरवा. पण पंचवीस हा आकडा सोसायटीच्या आवाक्यातला आहे. आमच्या आवारात मोजणीच्या आधीच एकोणीस जाती उभ्या होत्या, आम्हालाच पत्ता नव्हता.

पहिलं काम: आहे ते मोजा

नवीन रोप आणायची घाई करू नका. एका रविवारी सकाळी तीन-चार जण, पाच मीटरची कापडी टेप, वही आणि आवाराचा नकाशा एवढं घेऊन निघा. नकाशा सोसायटीच्या कार्यालयात असतोच, त्याची झेरॉक्स काढा. गेटपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरा आणि प्रत्येक झाडाचं ठिकाण नकाशावर टिंबाने दाखवा.

घेर मोजायचा तो जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर. दरवेळी अंदाजाने मोजलं तर पुढच्या वर्षी झाड 'आक्रसलेलं' दिसतं. म्हणून एका काठीवर खूण करून ठेवा आणि काठी बुंध्याला लावूनच टेप गुंडाळा. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूने उंची धरा. त्या उंचीच्या खालीच बुंधा दुभंगला असेल तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा लिहा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो: १५७ सेंटिमीटर घेर म्हणजे ५० सेंटिमीटर व्यास.

या फेरीला वॉचमन आणि माळीकाकांना बरोबर घ्याच. कोणत्या झाडावर वटवाघळं येतात, कोणतं झाड कोणत्या साली वीज पडून अर्धं झालं, हे समितीला माहीत नसतं, त्यांना असतं. त्यांनी सांगितलेलं वहीत त्यांच्या नावानिशी लिहा.

दुसरं: नाव, आणि नावाबद्दलची शंका

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थांबून सांगतो.

आमच्या जुन्या यादीत मागच्या भिंतीलगतच्या झाडापुढे 'कदंब' लिहिलेलं होतं. आम्ही तेच धरून पाटी केली. दोन वर्षांनी जूनमध्ये झाड फुललं. कदंबाचा चेंडू लिंबाएवढा, नारिंगी पिवळा आणि वासाचा. हे मात्र बोराएवढे फिकट पिवळसर गोळे होते आणि पानंही कदंबाच्या ऐसपैस पानांच्या निम्मीसुद्धा नव्हती. ते झाड निघालं कळंब, शास्त्रीय नाव मित्रागायना पार्व्हिफोलिया. कदंब म्हणजे निओलामार्किया कदंबा. त्यांचाच तिसरा भाऊबंद हेद, हल्डिना कॉर्डिफोलिया: पानं हृदयाच्या आकाराची, फुलांचे गोळे लहान आणि पिवळे. तिन्ही एकाच कुळातली, तिन्हींना चेंडूसारखी फुलं, त्यात दोघांची नावं कानाला जवळजवळ सारखी. कुणीतरी ऐकताना किंवा उतरवून घेताना चूक केली आणि ती वर्षानुवर्षं तशीच पुढे गेली.

तेव्हापासून वहीत नावापुढे आणखी एक रकाना आहे: 'खात्री'. फुल आणि फळ दोन्ही पाहून नाव ठरवलं असेल तर 'पक्कं'. फक्त पानावरून असेल तर 'बहुधा'. काहीच जमलं नाही तर 'अनोळखी' लिहायचं आणि पुढे जायचं. 'अनोळखी' लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीचं नाव लिहिलं की मात्र पुढचा माणूस तपासायचंही सोडून देतो.

प्रत्येक झाडाचे पाच फोटो घ्या: पूर्ण झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ. पान बघताना दोन गोष्टी आधी ठरवा. पान साधं आहे की अनेक पर्णिकांचं मिळून संयुक्त झालेलं आहे? आणि फांदीवर पानं समोरासमोर आहेत की आलटून-पालटून? एवढ्याने निम्मी गफलत मिटते. सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेत उभा असतो तो खोटा अशोक: लांब, साधं, कडेला नागमोडी पान. सीतेचा अशोक, सराका असोका, वेगळाच: संयुक्त पान, कोवळं असताना तांबूस आणि लोंबतं, फुलांचे केशरी-लाल झुपके. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपचा उपयोग जरूर करा, पण त्याचं उत्तर 'बहुधा'च्या रकान्यात जाईल, 'पक्कं'च्या नाही.

डोळा तयार करायचा असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. १८६१ सालच्या या बागेत लोक पेंग्विन पाहायला रांग लावतात आणि तिथल्या गोरखचिंचेसमोरून न बघता निघून जातात. जंगलातली झाडं बघायला येऊर आहेच. फक्त एक लक्षात ठेवा: येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून बी, फळ, रोप, फांदी काहीही उचलायचं नाही.

तिसरं: क्रमांक

क्रमांकात वर्ष आणि अनुक्रम असावा: २०२६-००१, २०२६-००२. जुन्या झाडाला मोजणीचं वर्ष द्या आणि शेऱ्यात 'आधीपासून असलेलं' लिहा. नवीन रोपाला ते आवारात आलं ते वर्ष. झाड मेलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या झाडाला द्यायचा नाही, हा नियम पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

सगळ्यात मोलाचा रकाना 'कुठून आलं' हा आहे. रोपवाटिकेचं नाव, पावतीची तारीख, आणि शक्य असेल तर बी कुठल्या गावच्या, कोणत्या झाडाचं, हेही. कोकणातल्या पावसात वाढलेल्या करंजाचं बी आणि पठारावरच्या करंजाचं बी दिसायला एकच. पण पुढे एक रोप तगलं आणि दुसरं खुरटलं तर कारण शोधायला हाच रकाना लागतो.

काकडाची गोष्ट सांगतो. ठाण्याच्या बाजारात मे-जूनमध्ये शेवळं येतात तेव्हा त्यांच्या जुडीसोबत हिरवी, आंबट, बोरासारखी फळं वाट्याने मिळतात. तीच काकडं. शेवळाची खाज मारायला ती भाजीत घालायचीच. आमच्या शेजारच्या काकू चाळीस वर्षं काकडं घालून भाजी करतायत, पण काकडाचं झाड, गरुगा पिनाटा, त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही बाजारातल्या फळांतलं बी पेरलं. एकही उगवलं नाही, फळं कच्चीच होती. भाजीवाल्या मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाजीचं येगलं नि बियाचं येगलं. पिकलेलं पायजे तर थांबा थोडं." पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या शेताच्या बांधावरच्या झाडाची, पिकून मऊ पडलेली मूठभर फळं कागदात बांधून आणली. त्यातली तीन रोपं झाली. वहीत लिहिलं आहे: 'मुरबाडकडचं, बांधावरचं झाड, भाजीवाल्या मावशींकडून, जुलै.' आमच्या संग्रहातल्या सगळ्या नोंदींत हीच मला सगळ्यात पूर्ण वाटते.

वहीची एक प्रत कार्यालयात, एक स्प्रेडशीटमध्ये, आणि स्प्रेडशीट निदान तिघांकडे. सेक्रेटरी बदलतात, लॅपटॉप बिघडतात.

चौथं: पाटी

खिळा मारायचा नाही. सालीच्या लगेच आत झाडाचा अन्नरस वाहतो आणि वाढीचा जिवंत थर तिथेच असतो. खिळ्याने तिथे जखम होते आणि बुरशीला वाट मिळते. तारेने आवळून बांधणंही तितकंच वाईट: बुंधा जाड होतो, तार होत नाही, आणि काही वर्षांत ती सालीत रुतते. मोठ्या झाडाला स्प्रिंग लावलेल्या सैल तारेवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अडकवा आणि दर वर्षी ती ढिली आहे ना बघा. लहान रोपाशेजारी जमिनीत खुंटी रोवून तिच्यावर पाटी लावा. पाटीवर क्रमांक, मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि मूळ प्रदेश एवढं पुरे. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री आणि कैलासपती दक्षिण अमेरिकेकडचे, हे वाचून लोक पाटीपुढे थांबतात. आमच्याकडे तरी थांबतात.

पाचवं: नवीन काय लावायचं

पंचवीसला पाच-सहा कमी पडत असतील तर आता निवड करा. आधी जमीन बघा. घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला खाली मुरूम आणि कातळ लागतो. वाशी, कोपरखैरणे, सीवूड्स या खाडीकडच्या भागांत बऱ्याच ठिकाणी भराव आणि त्याखाली खारी माती असते. खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर निचरा नाही आणि तिथे नाजूक झाड तगणार नाही. खाऱ्या, ओलसर जागेला करंज, उंडी, भेंड ही किनाऱ्याची माणसं चालतात. डोंगराकडे पळस, कुसुम, बहावा, शिवण, कुंभा, आपटा. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, त्याला पाणी आवडतं आणि दोन्हीकडे जमतं. वड, पिंपळ, उंबर इमारतीपासून आणि ड्रेनेजपासून चांगले लांब. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे मोठं होणारं झाड लावणं म्हणजे दर वर्षी त्याला छाटायचं ठरवूनच लावणं.

सुबाभूळ नको, ती आपोआप पसरते. खारफुटीची झाडं आवारात लावायचा हट्टही नको. त्यांना भरती-ओहोटी लागते. तिवर आणि चिप्पी ऐरोलीच्या खाडीवर जाऊन बघा, आणि पांढरी चिप्पी हा २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे हे मुलांना तिथेच सांगा.

जागा असेल तर एका जातीची दोन-तीन झाडं वेगवेगळ्या मातृवृक्षांच्या बियांपासून लावा. सगळी एकाच झाडाची पोरं असली की एक रोग सगळ्यांना एकदम गाठू शकतो.

बी स्वतः पेरणार असाल तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. जांभळाचं बी खाल्ल्यावर त्याच आठवड्यात पेरा, ते वाळलं की मेलं. बहाव्याचं बी उलट: कवच इतकं कठीण की कानशीने थोडं घासून किंवा गरम पाण्यात भिजवून मगच पेरायचं. तयार रोपं सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत मिळतात.

लागवड

खड्डा मे महिन्यात, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. चांगली माती, कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. रोप लावायचं ते पहिले एक-दोन दमदार पाऊस पडून माती आतपर्यंत भिजल्यावर. पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली असतील तर हाताने मोकळी करा. खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच इथेही मातीत राहू द्या, जास्त पुरलं तर बुंधा कुजतो. बांबूचा आधार द्या, बांधायला सुतळी, तीही इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, म्हणजे खोड बांबूवर घासत नाही.

ठाण्यात पाऊस भरपूर पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नोव्हेंबर ते मे ह्या काळात पहिली तीन वर्षं रोपाला पाणी कोण घालणार, त्याचं नाव लागवडीच्या आधी ठरलेलं पाहिजे. बॅनर आणि पाहुणे बोलावून लावलेली आमची चौदा रोपं पुढच्या मार्चपर्यंत पाच उरली होती. आणि बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवा. पेव्हर ब्लॉकवाल्याला काम देतानाच हे लेखी द्या.

सहावं: दर रविवारी दहा मिनिटं

वृक्षसंग्रहाचा प्राण इथे आहे. पाच-सहा झाडं निवडा आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, त्याच झाडांपाशी, त्याच क्रमाने जा. कोवळी पालवी, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं यांपैकी प्रत्येकापुढे ०, १ किंवा २ लिहा: काही नाही, थोडं, भरपूर. काही नाही तेव्हाही ० लिहायचाच, नाहीतर पुढे कळत नाही की फूल नव्हतं की तुम्ही गेलाच नव्हतात.

वर्षभर हाताला काम राहील अशी झाडं निवडा. काटेसावर आणि पळस हिवाळा सरताना फुलतात. मार्चमध्ये कुसुमची पालवी लालभडक येते आणि लोक तिला फुलं समजतात. एप्रिल-मे बहावा आणि ताम्हणाचे. पावसात कदंब. सातवीण ऑक्टोबरनंतर, संध्याकाळी वासावरूनच कळते. ह्याच पद्धतीने देशभरातल्या नोंदी गोळा करणारा 'सीझनवॉच' हा प्रकल्प २०१० पासून चालू आहे. तुमच्या नोंदी तिथेही देता येतात. शाळेतल्या मुलांना हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी तीन वर्षं बहावा बघतेय आणि परीक्षेच्या आठवड्यातही तिचा ० चुकलेला नाही.

दाबलेल्या फांद्या

प्रत्येक जातीची फुलासकट एक छोटी फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, वर जड पुस्तकं ठेवा. एखादं पान उलटं ठेवा, म्हणजे मागची बाजूही दिसते. आपल्या दमट हवेत कागद रोज बदलावा लागतो, पावसाळ्यात दोनदा, नाहीतर बुरशी येते. वाळली की साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवा आणि कोपऱ्यात क्रमांक, नाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासून अशाच कागदांवर उभं आहे.

सोसायटी आणि कायदा

वृक्षसंग्रहाचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडा आणि इतिवृत्तात येऊ द्या. तोंडी होकार पुढच्या समितीला बांधत नाही. झाड तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड खाजगी आवारातलं असलं तरीही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा त्यामागचा कायदा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना त्यात हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं स्थान आहे. वय सिद्ध करायची वेळ आली की फोटो, घेराची नोंद आणि तारीख यांना किंमत येते. छाटणीच्या दिवशी वही घेऊन कुणीतरी खाली उभं राहा. कोणत्या क्रमांकाची कोणती फांदी कापली ते लिहिलं जातंय हे दिसलं की करवत जपून चालते.

झाड मेलं तर

नोंद खोडू नका. तारीख आणि कारण लिहा: वारा, कीड, खोदकाम, पाणी तुंबणं. कारण कळलं नसेल तर तसं लिहा.

आणि पडलेलं झाड साग असेल तर बुंधा ठेकेदाराच्या गाडीत जाण्याआधी त्याची दोन इंच जाडीची एक चकती कापून घ्या. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांत वर्षाची वलयं नीट उमटत नाहीत. सागात उमटतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात आपल्याच ठाणे परिसरातल्या सागाच्या वलयांवरून इथल्या हवामानाचा अभ्यास केला होता. चकती सावलीत वाळवा, बारीक पॉलिश पेपरने घासा, आणि सालीकडून आत एकेक वलय मोजत जा. मागच्या बाजूला पेन्सिलने झाडाचा क्रमांक लिहायला विसरू नका.